सिम्युलेशनमध्ये फ्लो बरोबर, प्रेसवर प्रोफाइल वाकडं: एक्स्ट्रुजन डायमधला हा नेहमीचा घोळ कसा शोधायचा

एक्स्ट्रुजन म्हणजे गरम ॲल्युमिनियमचा ओंडका (बिलेट) कंटेनरमध्ये ठेवून रॅमने डायच्या, म्हणजे साच्याच्या, भोकातून ढकलणं; बाहेर येते ती लांब पट्टी म्हणजे प्रोफाइल. डाय कापण्याआधी सिम्युलेशन केलं, पडद्यावर प्रोफाइलभर एकच रंग (म्हणजे सगळीकडे सारखा वेग) आला, सगळ्यांनी मान डोलावली; आणि प्रेसवर पहिल्याच बिलेटला प्रोफाइलचं नाक, म्हणजे पुढचं टोक, डावीकडे वळलं. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या टूलरूममधून आणि सिन्नरकडच्या प्रेसवरून ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. त्यानंतर दोनपैकी एक होतं. कुणी म्हणतं सॉफ्टवेअर बेकार आहे, आणि डाय पुन्हा कानशीवर जाते. नाहीतर कुणी म्हणतं प्रेसवाल्यांना चालवता येत नाही, आणि टूलरूम हात झटकून मोकळी होते.

बहुतेक वेळा दोघंही चुकतात. सिम्युलेशनने त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. प्रेसवर जे घडलं तो प्रश्नच वेगळा होता. म्हणून खालची सगळी तपासणी एकाच गोष्टीभोवती फिरते: संगणकात जे भरलं आणि प्रेसवर जे होतं, त्यात फरक नेमका कुठे पडला. हे सगळं ६०६३ जातीच्या ॲल्युमिनियमसाठी, डायरेक्ट प्रेससाठी (डाय जागेवर, बिलेट तिच्याकडे ढकललं जातं) आणि एच-१३ पोलादाच्या डायसाठी आहे.

लक्षणं

हात लावण्याआधी यातलं काय दिसतंय ते लिहून काढा.

– प्रोफाइल सरळ न येता एका बाजूला वळतं. जाड पाय पुढे धावतो, पातळ पाय मागे राहतो.
– पातळ फिनवर लाटा येतात. म्हणजे फिन बाकीच्या अंगापेक्षा वेगाने येतेय आणि तिला पुढे जागा नाही. फिन मागे पडत असेल तर लाटा येत नाहीत, ती ताणली जाते आणि तिची कड फाटते. दोन्हीचे उपाय बरोबर उलटे आहेत, म्हणून इथे गल्लत नको.
– चॅनेलचं तोंड उघडतं किंवा मिटतं.
– होलो (आतून पोकळ) प्रोफाइलमध्ये एक भिंत जाड, समोरची पातळ.
– दोन कॅव्हिटीच्या (भोकांच्या) डायमध्ये एक पट्टी दुसरीच्या पुढे जाते.
– ब्रेकथ्रूचा (धातू डायमधून पहिल्यांदा बाहेर पडतानाचा) दाब सिम्युलेशनपेक्षा बराच जास्त लागतो, किंवा प्रेस अडकते.

याहून महत्त्वाचं निरीक्षण म्हणजे पहिल्या बिलेटपासून चौथ्या-पाचव्या बिलेटपर्यंत दोष कसा बदलतो. दोष कमी होत गेला तर संशय तापमानावर. तसाच राहिला तर डायच्या मापांवर किंवा प्रेसच्या अलाइनमेंटवर. वाढत गेला तर डाय दाबाखाली वाकतेय, किंवा बेअरिंगवर (डायच्या भोकाची धातू घासत जातो ती भिंत) ॲल्युमिनियम चिकटत चाललंय. एवढी एक नोंद नीट झाली तर पुढची निम्मी तपासणी वाचते.

त्यासाठी प्रत्येक बिलेटच्या नाकाचा फूट-दीड फूट तुकडा कापून ठेवा. गार झाला की त्यावर मार्करने बिलेट नंबर, रॅमचा वेग आणि 'वर' कुठली बाजू ते लिहा. बाण न काढलेला तुकडा टेबलावर आला की डावं-उजवं कुणालाच सांगता येत नाही, आणि तो तुकडा भंगारातच जातो.

पहिली तपासणी: ट्रायलचा कागद आणि सिम्युलेशनचा इनपुट शेजारी ठेवा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. बिलेटचं तापमान, डायचं, कंटेनरचं, रॅमचा वेग, बिलेटची लांबी, प्रोफाइल बाहेर पडतानाचं तापमान: या सहा गोष्टी दोन्हीकडच्या शेजारी-शेजारी लिहा. ६०६३ साठी बिलेट साधारण ४३० ते ४८० अंश, डाय त्याच्या आसपास, कंटेनर बिलेटपेक्षा २०-३० अंश कमी, आणि बाहेर पडताना ५१० ते ५५० अंश अशी रेंज असते. सिम्युलेशनमध्ये डाय ४५० भरलेली असते. प्रेसवर ती खरंच ४५० होती का, हे फार कमी जणांनी मोजलेलं असतं.

भट्टीचा डिस्प्ले भट्टीतल्या हवेचं तापमान दाखवतो, डायच्या पोटाचं नाही. डायच्या जाडीला दर इंचाला साधारण एक तास सोक (आतपर्यंत तापायचा वेळ) लागतो. भट्टीतून काढल्यापासून पहिलं बिलेट लागेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजा. तो ५ मिनिटांच्या आत असावा. पोर्टहोल डाय पोकळ प्रोफाइलसाठी असते; तिच्यात मधला गाभा पुलांवर टांगलेला असतो आणि धातू पोर्ट नावाच्या भोकांतून येतो. तिचे पूल आधी गार होतात, मधला गाभा नंतर, त्यामुळे डाय नुसती थंड होत नाही, वेगवेगळ्या जागी वेगवेगळी थंड होते. फ्लो तिथेच बिघडतो. उलट बाजूनेही काळजी घ्या: डाय रात्रभर भट्टीत पडून राहिली तर बेअरिंगवर ऑक्साइड चढतं आणि घर्षण बदलतं. ८-१० तासांपुढे ठेवू नका.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. तेव्हा बॅकर आणि बोल्स्टर (डायला मागून आधार देणाऱ्या प्लेटा) रॅकवरून थेट लावले तर ते डायमधली उष्णता ओढून घेतात. पहिल्या पाळीत वाकडं आणि दुपारनंतर सरळ, असं असेल तर आधी इथे बघा. बॅकरही गरम करूनच लावावा.

आणखी एक: चकचकीत ॲल्युमिनियमवर साधी इन्फ्रारेड गन वापरू नका. त्या पृष्ठभागाची एमिसिव्हिटी (उष्णता किरणांनी बाहेर टाकायची क्षमता) इतकी कमी असते की गन बरंच कमी तापमान दाखवते. बिलेट आणि प्रोफाइलला टोचून मोजायचा कॉन्टॅक्ट थर्मोकपलच घ्या.

दुसरी तपासणी: दोष डायचा की प्रेसचा

त्याच प्रेसवर त्या आठवड्यात चाललेल्या बाकीच्या डायांचा रेकॉर्ड काढा. वेगवेगळ्या डाया एकाच दिशेला वळत असतील तर तुमची डाय निर्दोष आहे, प्रेस बघा. शक्य असेल तिथे हीच डाय १८० अंश फिरवून एक बिलेट मारा. दोष डायबरोबर फिरला तर डायचा, जागेवरच राहिला तर प्रेसचा. गोल डायला हे सोपं असतं; कीवे आड येत असेल किंवा रनआउट टेबलावर प्रोफाइल उलटं बसत नसेल तर सोडून द्या.

मग कंटेनर. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी तापमान घ्या. एखादा हीटर झोन जळालेला असतो आणि कंट्रोलर सरासरी दाखवत राहतो. कापलेल्या बटची (बिलेटचा उरलेला शेवटचा तुकडा) जाडीही चार बाजूंनी मोजा. एका बाजूला स्पष्ट जाड असेल तर स्टेम (बिलेट ढकलणारा दांडा) आणि कंटेनरची सेंटरलाइन जुळत नाही. दोन कॅव्हिटीच्या डायमधला लांबीतला फरक बहुतेक वेळा इथूनच येतो. सिम्युलेशन सगळं एका सेंटरवर धरतं, म्हणून त्यात हा दोष कधीच दिसणार नाही.

जळालेला हीटर बदलणं इलेक्ट्रिशियनचं आणि सेंटरलाइन जुळवणं प्रेसच्या सर्व्हिस इंजिनिअरचं काम. इथे थांबा आणि त्यांना बोलवा. ती दुरुस्ती होईपर्यंत डायला कानस लावू नका. वाकड्या प्रेससाठी सरळ केलेली डाय पुढे सरळ प्रेसवर वाकडी चालते.

तिसरी तपासणी: दाब जुळतो का

फ्लोबद्दल बोलण्याआधी दाब जुळवून बघा. प्रेसच्या गेजवरचा बार आणि सिम्युलेशनमधलं बल यांची थेट तुलना होत नाही. गेजच्या दाबाला मुख्य सिलिंडर आणि साइड सिलिंडर यांच्या एकूण क्षेत्रफळाने गुणायला हवं. तुलना त्याच बिलेट लांबीला करा. डायरेक्ट प्रेसमध्ये बिलेट जसजसं संपतं तसं कंटेनरचं घर्षण कमी होतं आणि दाब उतरतो. ब्रेकथ्रूचा आकडा स्थिर अवस्थेच्या निकालाशी लावला तर तो जुळणारच नाही.

दाबावर मुख्यतः बिलेटचं तापमान, मिश्रधातू आणि एक्स्ट्रुजन रेशो (कंटेनरच्या बोअरचं क्षेत्रफळ भागिले प्रोफाइलचं) यांचा अंमल असतो. फ्लोचा समतोल मात्र डायच्या भूमितीवर ठरतो. म्हणून दाब १० टक्क्यांच्या आत जुळला आणि तरी प्रोफाइल वाकडं असेल, तर मटेरियलचा नाद सोडा आणि डाय मोजायला घ्या. दाबच जुळत नसेल तर डाय मोजण्याआधी पाचव्या तपासणीकडे जा.

प्रेस कमाल दाबाला पोचूनही ब्रेकथ्रू होत नसेल तर तसाच दाब धरून ठेवू नका. सोडा, बिलेट काढा. डायच्या तोंडासमोर कुणीही वाकून बघू नये.

चौथी तपासणी: कॅडमधली डाय आणि हातातली डाय एकच आहे का

सर्वात जास्त घोळ इथे सापडतो. आधी डाय साफ करावी लागेल (त्याआधी फोटो काढा, कारण खाली आहे). कॉस्टिकच्या टाकीतून हायड्रोजन निघतो, म्हणून एक्झॉस्ट चालू, ठिणगी-सिगारेट लांब, डोळ्यांवर शील्ड आणि हातात कोपरापर्यंत रबरी मोजे.

मग बेअरिंगची लांबी मोजा. ड्रॉइंगमध्ये कुठे ३ मिमी, कुठे ४.५, कुठे ६ असं असतं. प्रत्येक झोनमध्ये तीन-चार जागी मोजा आणि ड्रॉइंगच्या प्रिंटवरच लाल पेनाने लिहा. मागचा रिलीफ (बेअरिंगमागची मोकळी जागा) ईडीएमने, म्हणजे विजेच्या ठिणगीने पोलाद कापून, काढताना इलेक्ट्रोड झिजलेला असेल तर कोपऱ्यात बेअरिंग लांब राहतं. ३ मिमीच्या बेअरिंगवर ०.३ मिमी म्हणजे १० टक्के, आणि पातळ फिनला तेवढं पुरतं.

लांबीपेक्षा फसवा असतो तो कोन. सिम्युलेशनमध्ये बेअरिंग बहुधा अगदी समांतर धरलेलं असतं. प्रत्यक्षात वायरकटचा टेपर, हीट ट्रीटमेंटनंतरचा ताण आणि हाताने केलेलं पॉलिश मिळून ते कुठे चोक होतं (पुढे अरुंद होत जातं), कुठे मागे उघडतं. अर्ध्या अंशाचा फरक ६ मिमी लांबीवर जेमतेम ०.०५ मिमी येतो. डोळ्याला काहीच दिसत नाही. पण बेअरिंग मागे उघडत असेल तर धातू मध्येच पृष्ठभाग सोडतो आणि ६ मिमीचं बेअरिंग निम्म्यासारखं वागतं. धातू तिथून जोरात निघतो. चोक असेल तर उलट, तिथे धातू अडतो. हे बघायला बेअरिंगवर चालल्याची खूण शोधा. जिथपर्यंत धातू घासला तिथपर्यंत चमक वेगळी असते, त्याच्या मागचा भाग मळकट राहतो. भिंगाखाली ती रेघ स्पष्ट दिसते, आणि खरी काम करणारी लांबी तीच सांगते. साफ करण्याआधी बेअरिंगला चिकटलेला तुकडा काळजीपूर्वक ओढून काढता आला तर त्याच्यावरही ही रेघ मिळते. म्हणून कॉस्टिकमध्ये टाकण्याआधी फोटो काढाच.

बेअरिंगच्या तोंडाची धारही बघा. पॉलिश करणाऱ्याच्या हाताने ती गोल झाली असेल तर तिथे धातू आत शिरायला सोपं जातं. ड्रॉइंगवर धार, हातात गोलाई. संगणकाला याची खबर नाही.

तिसरी गोष्ट करेक्शनची. पहिल्या ट्रायलनंतर करेक्टरने (डाय हाताने दुरुस्त करणारा) दोन जागी कानस मारली, एका जागी पॉकेट (बेअरिंगआधीचा खळगा) उघडलं, आणि ते फक्त त्याच्या डोक्यात राहिलं. मग दुसऱ्या ट्रायलचा निकाल जुन्या कॅडशी लावून 'जुळत नाही' म्हणायचं, याला काही अर्थ नाही. प्रत्येक करेक्शन प्रिंटवर खुणेसकट लिहिलं गेलं पाहिजे आणि कॅडमध्ये चढलं पाहिजे. चांगला करेक्टर हा या सगळ्या साखळीतला सर्वात मौल्यवान माणूस आहे. त्याच्या हाताला जे कळतं ते आकड्यात उतरलं, तर पुढची डाय पहिल्याच ट्रायलला चालण्याची शक्यता खूप वाढते. त्याला सिम्युलेशनच्या टेबलाशी बसवा. पडद्यावरचा निळा भाग बघून तो लगेच सांगतो की इथे माझ्या हाताने काय होणार.

नायट्रायडिंगचंही (नायट्रोजनने बेअरिंगचा पृष्ठभाग कठीण करणं) विचारा. बऱ्याच ठिकाणी पहिली ट्रायल नायट्रायडिंगच्या आधी घेतात. त्या मऊ बेअरिंगवर ॲल्युमिनियम जास्त चिकटतं, घर्षण वेगळं असतं. त्या ट्रायलवरून सिम्युलेशनला पास-नापास करू नका.

पाचवी तपासणी: सॉफ्टवेअरमध्ये भरलेले आकडे

मिश्रधातूचं नाव आधी. बाजारात एचई-९ म्हणतात ते ६०६३, भारतीय मानकात ६३४००. एचई-३० म्हणजे ६०८२, म्हणजे ६४४३०. एचई-२० म्हणजे ६०६१, म्हणजे ६५०३२. ऑर्डरवर एचई-३० आणि सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत ६०६१ निवडलेलं, हे सर्रास होतं. शिवाय बिलेटचं टेस्ट सर्टिफिकेट बघा. भंगार वितळवून केलेलं, होमोजिनाइज न केलेलं (उष्णता देऊन आतली रचना एकसारखी न केलेलं) बिलेट जास्त दाब मागतं आणि त्याच प्रेसवर त्याच डायला वेगळं चालतं.

लायब्ररीऐवजी आकडे हाताने भरले असतील तर एककं तपासा. ६०६३ साठी वापरात असलेल्या हायपरबोलिक साइन समीकरणात सक्रियण ऊर्जा १,४१,५५० ज्यूल प्रति मोल येते. तिथे किलोज्यूलच्या जागी ज्यूल गेला किंवा ताणाच्या गुणांकात मेगापास्कलऐवजी पास्कल गेला, तर बलाचा आकडा हास्यास्पद येतो. तेव्हा निदान चूक कळते तरी. थोडी चूक मात्र लपून राहते.

एक्स्ट्रुजन रेशो कागदावर स्वतः काढा. समजा बिलेट १७८ मिमीचं, कंटेनरचा बोअर १८४ मिमी, दोन कॅव्हिटी, प्रत्येकीचं क्षेत्रफळ ४५० चौरस मिमी. बिलेट आधी अपसेट होऊन (दबून रुंद होऊन) कंटेनर भरतं, म्हणून १८४ धरायचं: २६,५९० भागिले ९००, म्हणजे २९.५. रॅम सेकंदाला ६ मिमी चालला तर प्रोफाइल सेकंदाला १७७ मिमी, मिनिटाला साधारण १०.६ मीटर. १७८ धरलं तर ६-७ टक्के चूक. एकच कॅव्हिटी धरली तर वेग दुप्पट, आणि त्याबरोबर बाहेरचं तापमानही भलतंच चढतं. सॉफ्टवेअरमध्ये रॅमचा वेग भरायचाय की प्रोफाइलचा, हे शंभरदा बघितलं तरी कमी आहे.

घर्षण: कंटेनर आणि पोर्टमध्ये धातू भिंतीला चिकटलेला धरतात, आतून कातरून सरकतो. बेअरिंगवर मात्र घसरतो. तिथे कुलंब गुणांक (घर्षणाचा आकडा) ०.३-०.४ च्या आसपास घेतात. सगळीकडे एकच घर्षण भरलं तर बेअरिंगच्या लांबीचा परिणामच पुसला जातो, आणि मग बेअरिंग कितीही बदला, चित्र तेच राहतं.

सहावी तपासणी: मेश, अर्धं मॉडेल आणि निकाल कुठे वाचला

मेश म्हणजे मॉडेलचे केलेले बारीक तुकडे; एकेक तुकडा म्हणजे एलिमेंट. बेअरिंगमध्ये भिंतीच्या जाडीत निदान ५-६ एलिमेंट हवेत. १.२ मिमी भिंतीला म्हणजे ०.२ ते ०.२४ मिमीचं एलिमेंट. दोनच एलिमेंट असतील तर सुंदर रंग येतात, पण आकडा खोटा असतो. खात्री करायची तर त्या भागातला मेश निम्म्या आकाराचा करून पुन्हा चालवा. वेगातला फरक ४ टक्क्यांवरून ९ वर गेला तर आधीचा निकाल फेकून द्या. रात्रभर संगणक चालेल, पण डाय पुन्हा कापण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

अर्धं मॉडेल घेतलं असेल तर डावं-उजवं वळण त्यात दिसणं शक्यच नाही, समोरची बाजू आरशातली असते. वळण शोधायचं तर पूर्ण मॉडेल.

आणि वेग वाचा तो बेअरिंगमधून बाहेर पडता क्षणीचा. पुढे गेल्यावर सगळे भाग एकमेकांना बांधलेले असतात, वेग आपोआप सारखे दिसतात.

सातवी तपासणी: डाय वाकतेय का

होलोची भिंत सरकणं, चॅनेलचं तोंड बदलणं, बिलेटगणिक दोष वाढणं ही याची लक्षणं. डाय कडक धरून केलेल्या सिम्युलेशनमध्ये यातलं काहीच येत नाही. सेमी-होलोमध्ये (जवळजवळ बंद तोंडाचं प्रोफाइल) डायचा आत घुसलेला भाग म्हणजे जीभ. तिचं प्रमाण काढा: प्रोफाइलने वेढलेलं जिभेचं क्षेत्रफळ भागिले तोंडाच्या फटीचा वर्ग. ते ३ च्या पुढे गेलं तर जीभ दाबाखाली झुकणार हे धरून चाला. ती झुकली की बेअरिंगचा कोन बदलतो, म्हणजे चौथ्या तपासणीतला घोळ आता दाबामुळे तयार होतो. मोजायला घेतलेली थंड डाय मात्र अगदी बरोबर मापं देते. पोर्टहोल डायमध्ये एका पोर्टमधून धातू जास्त आला की तो गाभ्याला बाजूला ढकलतो, आणि भिंत सरकते.

यासाठी डायचा ताण आणि फ्लो एकत्र सोडवणारं विश्लेषण लागतं. त्यात एच-१३ ची यील्ड (कायमचं वाकण्याआधीची ताकद) ५०० अंशांची भरा, खोलीच्या तापमानाची नको. गरम पोलाद बरंच कमी सोसतं. आधार वाढवायला बॅकरचं ओपनिंग प्रोफाइलच्या जवळ आणणं हा सर्वात स्वस्त उपाय. तो बऱ्याचदा पुरतो, म्हणून डाय जाड करण्याआधी तोच करून बघा.

कारण सापडल्यावर

एका वेळी एकच बदल करा, आधी मॉडेलमध्ये, मग पोलादात. वेगातला फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर बेअरिंगशी खेळत बसू नका; पॉकेट, फीडर किंवा पोर्टचं क्षेत्रफळ बदला. ५ ते १० मध्ये बेअरिंगची लांबी. ५ च्या आत असेल तर करेक्टरच्या हातावर सोडा, त्याचं काम संगणकापेक्षा लवकर होतं.

कुठे थांबायचं

पुलाच्या मुळाशी केसासारखी भेग दिसली तर ती डाय प्रेसवर चढवू नका. वेल्डिंग करून चालवायची की नाही हे डायमेकरला ठरवू द्या. प्रेसच्या दाबाखाली पूल तुटला तर नुकसान डायपुरतं राहत नाही. तिसऱ्या करेक्शननंतरही दोष तसाच असेल तर कानस खाली ठेवा. बेअरिंगवर मारलेला प्रत्येक हात नायट्राइडचा थर खातो, आणि परत आणायला नवीन पोलाद घालता येत नाही.

सातही तपासण्या झाल्या, दाब जुळत नाही आणि मिश्रधातूचं नाव बरोबर आहे, तर तुमच्या बिलेटची गरम कॉम्प्रेशन चाचणी मटेरियल टेस्टिंग लॅबकडून करून घ्या आणि मिळालेला डेटा सॉफ्टवेअरमध्ये भरा. दाब जुळतो, डाय मोजलेली आहे, मेश बारीक आहे, तरी फ्लो जुळत नाही, तर सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या ॲप्लिकेशन इंजिनिअरला बोलवा. त्याला नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. मोजलेल्या मापांचं कॅड, बेअरिंगचे लाल पेनाने लिहिलेले आकडे, दाब आणि वेळ यांचा आलेख, चार तापमानं, बिलेटचं सर्टिफिकेट, आणि बाण काढलेले नाकाचे तुकडे पहिल्यापासून पाचव्या बिलेटपर्यंत, हे सगळं एकत्र द्या.